माझा गालगुच्चा आणि तिची शेवटची ओळ

माझ्या उजव्या हाताला एक खोड होती. समोर लहान पोरगं दिसलं की अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप पुढे व्हायचं आणि त्या पोराचा गाल त्यात सापडायचा. नातवंडं, शेजाऱ्यांची पोरं, लग्नात भेटलेली कुणाकुणाची पोरं, बँकेच्या रांगेत आईच्या खांद्यावर पेंगणारं पोर, कुणी म्हणून सुटायचं नाही. पोरगं रडलं तर आम्ही हसायचो. त्याची आईसुद्धा हसायची आणि त्यालाच म्हणायची, "अरे, आजोबा लाड करतायत, रडतोस काय?" त्यामुळे साठी उलटेपर्यंत मला असं कधी वाटलंच नाही की ही गोष्ट पोराला विचारून करायची असते.

मी मूळचा चाकणच्या बाजूचा. घरी शेती होती, थोडी अजून आहे. नोकरी केली ती तळवड्याला, एका लहान कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये. प्रेस म्हणजे पत्र्यावर दणका देऊन त्याचे भाग पाडणारं मशीन. हेल्पर म्हणून लागलो आणि बत्तीस वर्षांनी सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. राहायला चिंचवडला. निवृत्त झाल्यावर तीन महिने घरात बसलो आणि तेवढ्यातच बायकोनं हात टेकले, कारण मी डब्यांची झाकणं तपासायला आणि पोळ्या गोल आहेत का ते बघायला लागलो होतो.

"अहो, कुठंतरी जा हो," ती एक दिवस म्हणाली, "नाहीतर मी जाते."

म्हणून मी शाळेत जायला लागलो. आमच्याकडे एक गट आहे, तो शाळांमध्ये मोठी माणसं पाठवतो. पोरांना वाचायला बसवायचं, त्यांचं वाचन ऐकायचं, बस्स. पगार नाही, हजेरी नाही. मला तळवड्याच्या पलीकडची एक शाळा मिळाली. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारची खिचडी झाली की व्हरांड्यात चटई टाकायची आणि तिसरीतली सात-आठ पोरं घेऊन बसायचं. बहुतेकांचे आईबाप कंपन्यांमध्ये, कुणी पहिल्या शिफ्टला, कुणी तिसऱ्या. पोरांच्या घरी ऐकायला कुणी जागं नसायचं, असलं तर घाईत असायचं.

पहिल्याच दिवशी मी आजोबा झालो. खिशात शेंगदाण्याची चिक्की घेऊन जायचो. नियम माझा मीच केला होता. पोरानं एक पान वाचायचं. शेवटची ओळ झाली की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "संपलं!" मग त्याला चिक्की, आणि चिक्कीबरोबर माझा गालगुच्चा. गाल मी चिमटीत धरून ठेवायचो आणि बाकीची पोरं मोजायची, एक, दोन, तीन! तीनला सोडायचो. काय दंगा व्हायचा म्हणून सांगू! मुख्याध्यापिका खोलीतून वाकून बघायच्या आणि हसून आत जायच्या. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, की पोरं माझ्यावर जीव टाकतात. ती म्हणायची, "टाकतील, चिक्की आहे ना."

या पोरांत एक मुलगी होती. आठ वर्षांची, बारीक, दोन घट्ट वेण्या. आईबाप परभणीकडचे. बाप चाकणला कंपनीत, आई इथल्याच एका पॅकिंगच्या युनिटमध्ये. पोरगी बोलायची कमी. पहिल्या आठवड्यात तिनं एक पान वाचलं, अगदी धडाक्यात. मी खूश झालो, नेहमीपेक्षा जरा जोरातच गाल धरला. पोरांनी तीन मोजले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हणालो, "बघा बघा, लाजली!" सगळी हसली. मीही.

त्यानंतर मात्र त्या पोरीचं काहीतरी बिनसलं. पान आठ ओळींचं असेल तर सात ओळी ती नीट वाचायची. आठव्या ओळीच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवायची आणि गप्प. मी म्हणायचो, "वाच की बाळा, एकच तर राहिली." ती बोट हलवायची नाही. मी पहिला शब्द सांगायचो, दुसरा सांगायचो, काही नाही. पोरं म्हणायची, "आजोबा, तिला येत नाही." मग मी पुस्तक पुढच्या पोराकडे सरकवायचो. पान पुरं नाही, म्हणून चिक्की नाही. नियम म्हणजे नियम.

असं दोन महिने चाललं. पुस्तक बदलून पाहिलं, मोठ्या अक्षरांचं आणलं, माझ्या शेजारी बसवून पाहिलं. शेजारी बसवली की पाचव्या ओळीतच थांबायची. मला वाटायचं, काय हे, औषध घेतलं आणि ताप वाढला! बिचारीचं डोकंच चालत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मी काही मास्तर नव्हे, पण बत्तीस वर्षं माल तपासलाय, पास कोणता आणि रिजेक्ट कोणता हे मला एका नजरेत कळतं, अशी माझी घमेंड होती.

आमच्याकडे एक वाचनाचा तक्ता असतो. मुलाच्या नावापुढे लिहायचं, त्याला काय वाचता येतं ते: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा की गोष्ट. तो भरायचं काम माझ्याकडे होतं. तिसरीतल्या ज्या पोरांना उतारा पुरा करता येत नाही, त्यांना दिवाळीनंतर त्या तासाला पहिलीतल्या पोरांबरोबर बसवायचं असं ठरलं होतं. तिच्या नावापुढे मी लिहिलं, "वाक्य. उतारा जमत नाही." शेवटी माझी सही.

शाळेतून घरी निरोप गेला असणार, कारण पुढच्या शुक्रवारी तिची आई आली. पहिली शिफ्ट संपवून तशीच आली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डब्याची पिशवी. तिसरीच्या बाई वर्गात होत्या म्हणून ती माझ्याकडेच वळली.

"सर, लेकरू घरी तर भडाभडा वाचतंय की," ती म्हणाली. "टेम्पोच्या मागं लिहिलेलं वाचतंय, औषधाच्या बाटलीवरचं वाचतंय. मला येत न्हाई, तर मला समदं वाचून दाखवतंय. तिला बारक्या पोरात नका बसवू. गल्लीतली पोरं चिडवतेत."

आणि मी काय म्हणालो असेन? मी त्या बाईला समजावलं. हो, मी! म्हणालो, "ताई, पाट्या वाचणं वेगळं. पाट्या पाठ होतात. पुस्तक वेगळं असतं. मंदपणा नाही हो, थोडं मागे आहे इतकंच." तिनं ऐकून घेतलं. "मंद हाय म्हणून लिहू नका तेवढं," एवढंच म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. जाताना पोरगी वळून बघत होती. आईच्या पदराआडून, माझ्याकडे. मी हात हलवला.

त्याच शनिवारी आमच्या गटाची बैठक होती. गटाची प्रमुख म्हणजे वाकडला राहणारी एक मुलगी, माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान, आयटीतली. स्कूटरवर येते, हेल्मेट मांडीवर ठेवूनच बोलते. तिनं नवे नियम सांगितले. कोणत्याही मुलाबरोबर एकट्यानं खोलीत बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. घरून खाऊ आणायचा नाही, द्यायचा तर शाळेमार्फत सगळ्यांना. आणि मुलांना आपण होऊन हात लावायचा नाही. मुलानं हात पुढे केला तर हात द्यायचा. मूल स्वतः जवळ आलं तर झिडकारायचं नाही, पण मांडीवर घेणं, पापी घेणं, गाल ओढणं, हे नाही.

गाल ओढणं म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही, देव जाणे. मला वाटलं पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे आम्ही कोण?" मी उभाच राहिलो. "पोरं पळवणारे? माझी नातवंडं आहेत या वयाची! पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायलासुद्धा आता परवानगी काढायची?"

"काका, हे तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांत मी आलोच ना!"

ती चिडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाली, "काका, मुलाला कसं कळणार कोण चांगलं आणि कोण वाईट? दोघंही हसतच जवळ येतात, दोघंही खाऊच देतात. मुलाला एक सवय लागू दे, की मोठा माणूस विचारून हात लावतो. मग न विचारणारा कुणी आला, तर त्याला ते खटकेल तरी."

बोलणं बरोबर होतं. पण बरोबर बोलणं ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात म्हणत मी चपला घातल्या आणि निघालो. जिना उतरताना लक्षात आलं, की एवढा आरडाओरडा केल्यावर लोक म्हणणार, खाई त्याला खवखवे. त्यानं आणखीच भडकलो.

घरी येऊन बायकोपुढे सगळं ओकलो. आपण कसे सज्जन, जग कसं बिघडलंय, माया कशी नियमात बसत नाही. ती मेथी निवडत होती. पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या प्रेसला ती दोन बटणं कशाला होती हो?"

मला माहीत होतं ती कुठे चाललीय. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही एकदम दाबली तरच दणका खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, मशीनच्या बाहेर. तरी चांगले हुशार कामगार एक बटण दोरीनं बांधून ठेवायचे, काम भराभर व्हावं म्हणून. मी ओरडलो की म्हणायचे, "साहेब, वीस वर्षं झाली, हात बसलाय. आमच्यावर विश्वास नाही का?" बोटं गेली ती याच लोकांची. नवखा घाबरून असतो, त्याची नाही जात.

"बत्तीस वर्षं घसा कोरडा केलात," बायको म्हणाली. "हात बाहेर, हात बाहेर. झोपेतसुद्धा ओरडायचात. आता तुम्हाला कुणी म्हणालं हात बाहेर, तर केवढ्या मिरच्या झोंबल्या नाकाला!"

"ते मशीन होतं. ही पोरं आहेत."

"मग तर जास्तच," ती म्हणाली आणि मेथी धुवायला गेली.

मंगळवारी मी गेलो, पण रागानंच गेलो. चिक्की नेली नाही. चटईवर बसलो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून टाकले, कैद्यासारखे. घ्या म्हटलं, तुमचा नियम! पोरांनी विचारलं, "आजोबा, हाताला काय झालं?" मी म्हणालो, "हात घरी विसरलो." पोरं खदखदून हसली. एकानं मागे जाऊन खात्री करून घेतली की हात आहेत. पण वाचन सुरू झालं. एकेकानं पान वाचलं, "संपलं" म्हणून सगळी ओरडली, आणि पुढे काही झालं नाही. दोघातिघांनी गाल पुढे केले, मी मान हलवली. खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटत होतं ते फक्त माझं स्वतःचं.

मग तिची पाळी आली. तिनं पुस्तक घेतलं. सात ओळी वाचल्या. आठव्या ओळीवर बोट ठेवलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे नव्हे, खांद्यांकडे, जिथून हात मागे गेले होते तिकडे. आणि आठवी ओळ वाचली. अडखळली नाही. पान उलटलं आणि पुढचं पानही वाचलं. मग त्याच्या पुढचं. गोष्ट संपेपर्यंत वाचत गेली, भडाभडा, तिच्या आईनं सांगितलं होतं अगदी तसं. पोरं "संपलं" म्हणायचंही विसरली.

मी म्हणालो, "अगं, तुला तर सगळं येतंय! मग इतके दिवस का नाही वाचलंस?"

ती पुस्तकाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता गाल न्हाई ना ओढणार?"

काय सांगू! कुणीतरी भर वर्गात थोबाडीत मारावी तसं झालं. दोन महिने ती पोरगी शेवटच्या ओळीवर थांबत होती, कारण ओळ संपली की माझा हात येणार होता. तिनं चिक्की सोडली होती. "येत नाही, येत नाही" म्हणून पोरांचं चिडवणं ऐकून घेतलं होतं. पहिलीच्या पोरांत जाऊन बसायला तयार झाली होती. आणि मी, मोठा माल तपासणारा, तिच्या नावापुढे लिहून मोकळा झालो होतो, उतारा जमत नाही.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढची. हे कळल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर तिला जवळ ओढून पोटाशी धरावं. हात पाठीमागून सुटलेसुद्धा होते. ती चटकन मागे सरकली. जित्याची खोड, दुसरं काय. मी हात परत घेतले आणि म्हणालो, "नाही ओढणार. कधीच नाही. चुकलं माझं." आठ वर्षांच्या पोरीला मी चुकलं म्हणालो. माझ्या स्वतःच्या पोरांना हा शब्द माझ्या तोंडून आजवर ऐकायला मिळालेला नाही.

त्या दिवशी शाळेतून निघून बस स्टॉपवर बसलो तर एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या लहानपणी आमच्या गावी एक नातेवाईक यायचे. फार भला माणूस. फटफटीवर यायचे, येताना केळी आणायचे. आले की पोरांना ओळीत उभं करायचे आणि एकेकाची पापी घ्यायचे. मिशा राठ, तोंडाला तंबाखूचा वास. फटफटीचा आवाज आला की मी कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसायचो. केळं मिळायचं नाही. आई शोधून काढायची, कानाला धरून आणायची. "व्हय रं, एवढं परेमानं येत्यात, आन् तू लपतूस? वंगाळ वाटतं त्यास्नी." त्यांना वाईट वाटतं! मला काय वाटतं हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मी मोठा झालो आणि हे विसरून गेलो, आणि मग त्याच माणसाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो, फक्त मिशा नसलेला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, माझा वार नसताना शाळेत गेलो. तिसरीच्या बाईंना म्हणालो, तक्ता द्या, खोडायचंय. त्या म्हणाल्या, "अचानक? काय झालं?" मला वाटलं होतं की "सुधारणा झाली" असं लिहून गुपचूप निसटता येईल. कुणाला कळलंही नसतं, उलट माझंच कौतुक झालं असतं. एक मिनिट तो मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग ती पोरगी मागे होती आणि मी तिला वर काढली, असं झालं असतं. मी खरं ते सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "काका, मी पण वर्गातून बघायची की. मलाही गंमतच वाटायची." मग मी खोडून लिहिलं: "गोष्ट. आधीपासून येत होतं. चूक तपासणाऱ्याची." आणि सही केली.

वाकडच्या त्या मुलीलाही फोन केला. तिनं "मी म्हटलं होतं ना" वगैरे काही केलं नाही. म्हणाली, "काका, हे पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगाल का?" मी हो म्हणालो. सांगितलंही.

सगळ्यात अवघड होती ती तिची आई. तिला गेटपाशी गाठलं, शिफ्ट सुटल्यावर पोरीला न्यायला आली तेव्हा. म्हणालो, "ताई, तुमचं बरोबर होतं. तिला सगळं वाचता येतं. ती माझ्यामुळे थांबत होती." आणि का, तेही सांगितलं. मला वाटलं आता ही बाई चार शब्द सुनावणार, आणि सुनावलेले बरे होते.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं तिनं. आजोबा गाल ओढतेत, दुखतंय, म्हणाली. मीच म्हणलं, मोठं माणूस हाय, माया करतेत, असं न्हाई म्हणू नये." एवढं बोलून तिला रडूच आलं. "लेकरानं सांगितलं होतं की हो मला."

आम्ही दोघं त्या गेटपाशी उभे होतो, शेजारून कंपनीच्या बस जात होत्या. तिनं पोरीला शिकवलं होतं की मायेला नाही म्हणायचं नसतं. मला माझ्या आईनं तेच शिकवलं होतं. हे चुकीचं शिकवणारं आमच्यात कुणीच वाईट नव्हतं. त्या पोरीनं बिचारीनं आपल्या अकलेनं एक वाट काढली होती, "नाही" न म्हणता नाही म्हणायची. ती वाट तिला पहिलीच्या वर्गात घेऊन चालली होती.

आता कुणाला वाटेल की मी एकदम लाकूड झालो. सुरुवातीला झालोही होतो. एकदा पहिलीतली एक चिमुरडी मैदानात धाडकन पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं. मी दोन पावलांवर, हात मागे, नुसता उभा. तिसरीच्या बाई लांबून ओरडल्या, "अहो काका, बघता काय, उचला की तिला!" मी खाली बसलो आणि विचारलं, "उचलू का गं?" तिनं रडतरडतच दोन्ही हात वर केले. उचलून नळाशी नेली, सगळ्यांच्या समोर, गुडघा धुतला. तिनं नाक माझ्या शर्टाला पुसलं. मला त्या दिवशी कळलं की विचारायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. आणि विचारून मिळालेली मिठी वेगळीच लागते राव. न विचारता इतकी पोरं कवटाळली, पण अशी मिठी मला कुणी मारली नव्हती.

घरीही प्रयोग केला. नातीला विचारलं, "गालगुच्चा घेऊ का?" ती पाच वर्षांची. क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "नको." मी म्हणालो, "बरं." बायको पदराआड हसत होती. मला जरा लागलं, नाही असं नाही. पण संध्याकाळी ती नात आपण होऊन येऊन माझ्या पाठीवर चढून बसली आणि उतरायलाच तयार होईना.

शाळेतल्या त्या पोरीचं मात्र इतक्या सहज मिटलं नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते खरं आहे. ती पहिलीत गेली नाही, तिसरीतच राहिली, माझ्या चटईवर पुस्तकामागून पुस्तक वाचत राहिली. पण प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीवर आली की थांबायची आणि माझे हात कुठे आहेत ते बघायची. हात पाठीमागे असले की जास्तच बघायची, कारण मागचं दिसत नाही. म्हणून मी हात पुढे ठेवायला लागलो, दोन गुडघ्यांवर दोन, तिला दिसतील असे. ती बघायची, मग वाचायची. मंगळवारी बघायची, शुक्रवारी बघायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ती तिळगूळ घेऊन आली तेव्हाही तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि झटकन हात मागे घेतला. दर वेळी ती नजर माझ्या हातांवर पडायची. पण तक्रार कुणाकडे करणार? ती नजर मीच तिला दिली होती. मी बायकोला म्हणायचो, बहुतेक ही चौथीत जाईल तरी बघतच राहील. बायको म्हणायची, "बघू दे. तुम्ही हात हलवू नका म्हणजे झालं."

परवाच्या शुक्रवारी तिला एक लांबलचक गोष्ट मिळाली. एका विहिरीत पडलेल्या हत्तीच्या पिल्लाची. पिल्लू निघतंय की नाही याचा तिला स्वतःलाच घोर लागला होता. वाचता वाचता ती पुढे सरकत आली, इतकी की तिची वेणी माझ्या गुडघ्यावरच्या हाताला लागली. मी हात हलवला नाही, श्वासही जरा दाबूनच बसलो. शेवटच्या पानावर आली. शेवटच्या ओळीवर आली. पिल्लू बाहेर निघालं आणि तिनं पुस्तक फाडकन मिटून चटईवर आपटलं.

"संपलं!" ती सगळ्यांच्या आधी ओरडली.

माझ्या हातांकडे बघायचं ती विसरून गेली होती.